करवंदीच्या जाळीतलं जांभूळ

आबा,

काल दुपारी वरच्या माळावरच्या जांभळाखाली पाचही म्हशी बसल्या. कुणी हाकललं नाही, कुणी बांधलं नाही. आपापल्या गेल्या, सावली बघून बसल्या आणि रवंथ करत राहिल्या. तुम्ही असता तर नुसतं "बसल्या गं बाई एकदाच्या" म्हणाला असता आणि तंबाखू मळायला घेतली असती. खरं तर एवढंच सांगायला लिहायला बसले. पण मला ओळखता तुम्ही, एवढ्यावर थांबणारी मी नव्हे.

आपला माळ म्हणजे जांभा दगड, कुसळी गवत आणि मधेमधे करवंदीच्या जाळ्या. तेव्हा झाड नावाला नव्हतं. तुमच्या लहानपणी ऐन होता, हिरडा होता, जांभळं होती. घरांच्या वाशांना आणि कोळशाला गेली म्हणून तुम्हीच सांगायचात. वैशाखात म्हशी धापा टाकत बांधाला उभ्या राहायच्या आणि तुम्ही डोक्याचा टॉवेल ओला करून त्यांच्या पाठीवर टाकायचात. पाच म्हशी, एक टॉवेल. एकीवरून काढायचा, दुसरीवर घालायचा. जांभळाच्या दिवसांत तर तुमची बंडी बघवत नसे. ओढ्याकाठची जांभळं खायची, बिया खिशात टाकायच्या आणि माळावर आलं की काठीनं करवंदीच्या जाळीत भोक पाडून एकेक बी आत ढकलायची. बंडीचे डाग घासताना आई करवादायची, मी हसायचे. मला तो तुमचा रिकामपणाचा चाळा वाटायचा.

मग नव्वद सालाच्या पुढं-मागं मी गारगोटीच्या एका रोपवाटिकेत कामाला लागले. पिशव्यांत माती भरता भरता सहा महिन्यांत मी झाडांतली मोठी जाणकार झाले, निदान माझ्या मते. तिथं ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपं फुकट मिळत होती. भराभर वाढतात, गुरं तोंड लावत नाहीत, राखण नको. आणखी काय पाहिजे? तुम्ही आत्याकडं लग्नाला नेसरीला गेलात, तेवढ्या तीन दिवसांत मी दोन बायका हाताशी घेतल्या, अर्ध्या माळावरच्या करवंदी तोडल्या आणि दोरी धरून सरळ रेषेत खड्डे मारले. तुम्ही येऊन बघाल आणि पाठ थोपटाल असं मनात होतं. शेवटच्या जाळीत कोयता घातला तेव्हा काट्यांबरोबर एक हिरवीगार काठी खाली आली. जांभूळ होतं. माझ्या कमरेएवढं, पानं तुकतुकीत. तेव्हा कुठं मला तुमच्या खिशातल्या बिया आठवल्या. बायका पुढं गेल्या होत्या. मी ते रोप उचललं आणि ओढ्यात नेऊन टाकलं.

तुम्ही आलात ते घरात न शिरता तसेच पिशवीसकट माळावर. मी मागोमाग. तुम्ही ओरडला नाहीत, ओरडला असता तर बरं झालं असतं. "काटं काढलंस की गं पोरी," एवढंच म्हणालात, "आता राखण कुणी करायची?" मग राहिलेल्या जाळ्यांकडं नेलंत आणि काठीनं फांद्या बाजूला करून दाखवलंत. एकीत वीतभर हिरडा, एकीत ऐनाची दोन पानं. काट्यांमुळं म्हशीचं तोंड आत पोचत नाही. जाळीच्या पोटात झाड वाढतं आणि एकदा डोकं वर काढलं की मग त्याला कुणाची भीती नाही. रोपवाटिकेत मला हे कुणी शिकवलं नव्हतं. हे सांगत सांगत तुम्ही त्या तोडलेल्या जांभळाच्या बुडख्यापाशी आलात, उकिडवे बसलात आणि विचारलंत, "हे कशानं गेलं?"

मी म्हणाले, "मेंढरांनी खाल्लं."

धनगर मामाची मेंढरं तेव्हा खालच्या रानात बसवलेली होती. दर उन्हाळ्यात मामा कळप घेऊन यायचा. रानाला खत मिळायचं, त्याला जोंधळे मिळायचे आणि तुम्हाला महिनाभर बोलायला माणूस मिळायचं. एरवी दिवसाला दहा शब्द बोलणारे तुम्ही, पण मामा आला की तुमचं हसणं पार चुलीपर्यंत ऐकू यायचं. त्या दिवशी तुम्ही त्याला हाक मारलीत. तो आला, वाकला, बुडखा बघितला. मग माझ्याकडं बघितलं, तुमच्याकडं बघितलं. "व्हय की," म्हणाला, "लावलं आसंल तोंड. मुकं जनावर, काय करायचं त्येला?" दुसऱ्या दिवशी कळप हलला. पुढच्या उन्हाळ्यात मामा आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आई विचारायची, "औंदा पण मेंढरं न्हाईत?" आणि तुम्ही उठून गोठ्यात जायचात. मी ताटात बघत भाकरी कुस्करत राहायचे.

त्याच सुमाराला एकदा बाजारातनं तुम्ही माझ्यासाठी घोंगडं आणलंत. काळं, जाड, नव्या लोकरीचा वास येणारं. "घे, माळावर बसाय हुईल." मी वरमले होते, कारण माझ्या बाभळी तेव्हा डोक्यावर गेल्या होत्या आणि त्यांच्याखालचं गवत मेलं होतं. म्हशी त्यांना वळसा घालून जायच्या. तुम्ही एकदाच बोललात, "म्हस ज्याच्याखाली बसत न्हाई ते झाड माळाला काय कामाचं?" पुढं मीच त्या तोडल्या. नंतरचे दोन पावसाळे आपण दोघांनी मिळून काढले. फुटून आलेल्या करवंदीत तुम्ही काठीनं भोक पाडायचं आणि मी हिरड्याचं, ऐनाचं, जांभळाचं बी आत सोडायचं. जांभळाच्या त्या बुडख्याला दोन धुमारे फुटले तेव्हा तुम्ही काटे आणून त्याभोवती रचलेत आणि त्यात हात चांगलाच ओरबाडून घेतलात. तिसऱ्या पावसाळ्याला तुम्ही नव्हता. तो पावसाळा मी घोंगडं पांघरून एकटीनं माळावर काढला. रडले, आणि बिया लावल्या.

आता माळावर मोजायला बसलं तर चुकायला होतं, इतकी झाडं आहेत. बघायला माणसं येतात. ते मोठं जांभूळ बुडापासून दुबेळकं का, असं हमखास कुणीतरी विचारतं. मी सांगते, लहानपणी मेंढरांनी खाल्लं होतं. इतकी वर्षं तेच सांगत आले.

गेल्या आठवड्यात मी जांभळाखाली बसले होते आणि वाटेनं एक म्हातारा धनगर आला. मला ओळख पटेना. त्यानं आधी झाडाकडं बघितलं, मग मी बसले होते त्या घोंगड्याचा काठ चिमटीत धरून बघितला. "हे आमच्या घरचं हाय," म्हणाला. मामा होता. मी म्हणाले, आबांनी बाजारातनं आणलंय. "बाजारातच दिलतं की मी त्येला. दर उन्हाळ्यात गाठ पडायची आमची गारगोटीत. भजी खायाचो, च्या प्यायाचो, हसायाचो."

"मग घरी का येत नव्हता?"

"तुज्या बाऽनंच सांगितलं. म्हणला, पोरगी तुला बघून खाली मान घालती. आत्ताशी कुठं झाडाला हात लावाय लागलीया, शरमली तर सोडून दील. तू आपला बाजारात भेट." मग हसला. "कोयत्यानं तोडलेलं आन मेंढरानं खाल्लेलं आमाला न कळाय काय झालं?"

आबा, माझ्यासाठी तुम्ही तुमचं हसणं घरातनं उचलून बाजारात नेलंत. आणि मी ते मुकाट्यानं जाऊ दिलं.

मामाला मी म्हणाले, "मला काय ठाऊक? आबांना कळलंय ह्याचा मला पत्ताच नव्हता." तो बिचारा डोळे पुसत होता, त्याला खरं वाटलं. पण त्या दिवशी तुम्ही बुडख्यावरून अंगठा फिरवलात तेव्हा मी शेजारीच उभी होते. काप तिरपा होता, गुळगुळीत होता. तुमचा अंगठा मधेच थांबला, आणि तुम्हाला कळलंय हे मला तेव्हाच कळलं. तुम्ही बोलणार नाही हेही कळलं, म्हणून मी गप्प बसले.

हे पत्र घोंगड्याच्या घडीत ठेवते आहे, दुसरं कुठं टाकणार? मामा पुढच्या उन्हाळ्यात मेंढरं घेऊन येतो म्हणालाय. आला की त्यालाही खरं सांगीन म्हणते. तुम्हाला आधी सांगितलं.