काखेतली म्हणून सांगितलेली गाठ

इस्लामपूर

प्रिय अक्का,

शाळेतून आले, चूलही पेटवली नाही, आधी तुला लिहायला बसले. राग आलाय. तुझ्या घरच्यांचा तर आहेच, पण तुझाही आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत!

तुझी शकू बरी आहे, हे आधी सांगते. बाळ रांगायला लागलंय. जावई पलटणीत, म्हणून ती अजून शिराळ्याला तुझ्याच घरी आहे. परवा मी गेले, तर पोरगी बाळाला एकाच अंगावर पाजत होती. दुसरीकडं त्यानं तोंड नेलं की ओढून घ्यायची. मी पदर बाजूला केला, तर गूळ-चुन्याचा लेप! माझ्या अंगाची लाही लाही झाली गं. तोच लेप, आणि लावणारी तीच तुझी सासू!

"दुधाला दिष्ट लागलीया," म्हातारी म्हणाली. "गाठ बशेल आपोआप."

तुझी बसली होती का?

आणि तू तरी मला का नाही सांगितलंस? पंचमीला माहेरी आलीस, झोक्यावर बसली नाहीस. विचारलं तर म्हणालीस, "कंबर धरलीया." कंबर! सख्ख्या बहिणीला खोटं सांगताना जीभ कशी अडखळली नाही तुझी?

तुमच्या घरची रीतच तशी. बाईचं दुखणं बापयानं जाऊन सांगायचं, आणि बाईनं घरात बसून औषध लावायचं. दाजी इस्लामपूरच्या डॉक्टरकडं गेले आणि लाजेपायी म्हणाले, "बायकोच्या काखंत गाठ आलीया." डॉक्टर म्हणाले, घेऊन या. दाजी म्हणाले, "गुऱ्हाळ लागलंय, तिला सवड न्हाई." मग मिळालं काखमांजरीचं मलम. आणि ती गाठ फुटेपर्यंत तू ते मुकाट्यानं छातीला लावत राहिलीस!

हे दाजींनी मला कधी सांगितलं? तुझ्या तेराव्याला, रडत रडत. हातातला तांब्या त्यांच्यावर फेकला नाही, एवढंच.

म्हणून या वेळी मी कुणाचं ऐकलं नाही. शकूला घेतलं आणि सर्व्हिस मोटारीनं सांगली गाठली. दाजी मागोमाग चढलेच. बापयाबिगर बाया कशा जातील!

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय होतंय?" शकूनं मान खाली घातली. दारातून दाजी म्हणाले, "पोरीच्या काखंत गाठ हाय."

पुन्हा! अक्का, बायको घालवून बसलेला माणूस पुन्हा तेच बोलला! मी तोंड उघडणार, तेवढ्यात शकूच बोलली.

"काखंत न्हाई, बाई. थानात हाय."

दाजींनी भिंतीकडं तोंड फिरवलं. बाईंना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. त्यांनी दाजींना बाहेर बसवलं, गाठ बोटांनी चाचपली, स्पिरिटनं पुसून जाडशी सुई टोचली. शकूनं माझं मनगट घट्ट धरलं. पिचकारीत काय आलं असेल? दूध गं! सायीसारखं घट्ट झालेलं दूध. आत अडून बसलं होतं. बघता बघता गाठ सपाट झाली. वर कापसाचा बोळा, झालं! चहा उकळायलाही याहून जास्त वेळ लागतो.

"कापायचं न्हाई व्हय?" शकूनं विचारलं.

"कशाला?" बाई हसल्या. "दोन्हीकडं पाज बाळाला. पुन्हा भरली तर लगेच ये."

मग मी तुझं विचारलं. बाई म्हणाल्या, सगळ्याच गाठींत दूध-पाणी नसतं. सुईत काही आलं नाही, तर तुकडा काढून तपासावा लागतो. वाईट असली तर ती कापावी लागते, आणि वेळेवर आलेलं माणूस वाचतंही. "पण तुमच्या बहिणीची कसली होती, ते मी न बघता कसं सांगू?"

कुणी बघितलीच नाही, अक्का! मलम लावलं, लेप लावला, दृष्ट काढली, नवस बोलले. बघितलं मात्र कुणीच नाही. तुला याचा राग कसा आला नाही?

परत आल्यावर म्हातारीला मी नाही नाही ते बोलले. निघताना तिनं मला गोठ्यात बोलावलं आणि माझा हात धरून आपल्या चोळीखाली नेला. दगडासारखी गाठ. हलत नाही.

"कवापासनं?" मी विचारलं.

"तुजी अक्का गेली त्या सालापासनं. तिचं झालेलं बघून कुनाला सांगू म्हनलं?"

हात झटकून टाकावासा वाटला. खरंच वाटला. नाही झटकला.

सोमवारी शाळेला रजा टाकून तिला सांगलीला नेते आहे. दाजींना घरी बसायला सांगितलंय; काय सांगायचं ते ती स्वतः सांगेल. तिच्या सुईत काय येईल, देव जाणे. जिथं तुला न्यायला हवं होतं, तिथं तुझ्या सासूला नेते आहे, हे मला जन्मभर सलणार. तरी तुला वचन देते, डॉक्टरीणबाई तिची गाठ बघेपर्यंत मी तिचा हात सोडणार नाही. वाटेत तोंड बंद ठेवीन, असं मात्र वचन देत नाही.

तुझ्यावर अजून रागावलेली,
तुझी धाकटी
यशोदा