सासुरवाडीला सड्यावरून

२५ ऑक्टोबर १९८७, रविवार. सकाळी ७
निर्णय पक्का. सायकल घ्यायची. साधी नव्हे, माउंटन बाइक.
विमला गणपतीला माहेरी गेली ती अजून तिथंच आहे. तिच्या बाबांचा दमा बळावलाय म्हणून. शाळेत कुणी विचारलं तर मी हेच सांगतो, आणि ते खरंही आहे. जाताना स्टँडवर म्हणाली होती, "एक तरी काम पुरां करा, मगे माका न्हेवक येवा." हे रागानं नव्हे. प्रोत्साहन म्हणून. (मधमाश्यांची पेटी अर्धी राहिलीय, ट्रान्झिस्टर उघडा पडलाय, हे मान्य. पण ती कामं मनासारखी नव्हती.)
चुलतभाऊ बोटीवरच्या नोकरीतून सुट्टीवर आला तेव्हा एक अमेरिकन मासिक विसरून गेला. त्यात डोंगर चढणाऱ्या सायकली आहेत. जाड टायर, सरळ हँडल. मसुऱ्याहून तिच्या गावी एस.टी.नं जायचं तर वाटेत कट्टा गावी गाडी बदला, ताटकळा, कसालला उतरून आत दीड मैल चाला. सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावरून, मात्र पायवाट सरळ जाते. जांभा दगड, खड्डे, दोन चढ. अशा वाटेसाठीच तर ही सायकल!
दर शनिवारी शाळेचं ऑफिस बंद केलं की दोन तासांत सासुरवाडी. सासऱ्यांना, जयरामबाबांना, कार्ड टाकलं : पंधरा तारखेला सड्यावरून येतोय.

८ नोव्हेंबर, रविवार
सायकल घेतली. सेकंडहँड, चोवीस इंची फ्रेम. तिठ्यावरचा सायकलवाला बाळा म्हणत होता, "भाऊसाहेब, सड्यार जावचा तर बुटकी फ्रेम घ्या. पाय टेकूक होये." मी म्हटलं, सासुरवाडीला जायचंय, बुटक्या सायकलीवरून कसं दिसेल? त्यानं मोठी फ्रेम काढून पुढं ठेवली. पटलं असावं.
टायर दूधवाले वापरतात ते जाड. बसवल्यावर मडगार्डला घासतात. मडगार्ड काढले. मासिकातल्या सायकलींनाही नाहीत.

१४ नोव्हेंबर, शनिवार
सरळ हँडल बसवलं. छाती आपोआप पुढं येते. फार रुबाबदार.
एक अडचण. सरळ हँडलला दांड्याचे ब्रेक जुळत नाहीत. वायरचे लागणार. बाळाकडे नाहीत, सावंतवाडीहून मागवायचे. आठ दिवस.
उद्याचं जाणं रद्द. सासऱ्यांना कार्ड : एकोणतीसला नक्की.
एस.टी.नं जाता आलं असतं. पण मग सायकलीला अर्थ काय राहिला?

२७ नोव्हेंबर, शुक्रवार
ब्रेक आले. पुढचे लागतात. मागच्यांचं बघू.
मागचं फ्रीव्हील काढून मोठं घातलं, बावीस दातांचं. चढावर पाय हलका पडतो. सपाटीवर पाय भराभर फिरतात आणि सायकल जागच्या जागी. शाळेतले शिक्षक हसले. शिक्षकांना मेकॅनिक्स कळत नाही.
बैठकीची उंची मासिकाप्रमाणे : टाच पेडलवर, गुडघा सरळ. आता थांबलो की एका बाजूला पडतो. फ्रेमबद्दल बाळा काही बोलला नाही, हा त्याचा मोठेपणा.

६ डिसेंबर, रविवार
ट्रायल झाली नव्हती म्हणून एकोणतीसचं जाणंही राहिलं. आज सड्याच्या पायथ्यापर्यंत ट्रायल. हातांना मुंग्या आल्या, दाढा वाजल्या. त्यावरून कल्पना सुचली. पुढच्या चिमट्याला, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांना, स्प्रिंग हवी! मागची बाजू कडक, म्हणजे पायाचा जोर फुकट जाणार नाही. पुढची मऊ. मासिकातल्या सायकलींना हे नाही. ही भर माझी.
कुडाळला मोडीत निघालेली मोपेड आहे म्हणे. तिचा चिमटा मिळेल.
विमलाला पत्र लिहायला बसलो. तीन पानं झाली. वाचून पाहिलं तर सगळी चिमट्याबद्दल होती. टाकलं नाही. प्रत्यक्षच सांगीन.

२० डिसेंबर, रविवार
सासऱ्यांचं कार्ड. अक्षर मेहुण्याचं, सत्यवानचं, शब्द म्हाताऱ्यांचे. "जावईबापू, सड्यावरून यायची हौस असू द्या. आम्हीही तरुणपणी त्याच वाटेनं तुमच्याकडच्या भराडीदेवीच्या जत्रेस येत होतो. पण आता एस.टी.नेच या. विमला काही बोलत नाही. कुत्रं भुंकलं की मात्र उठून बघते. दिवस थोडे आहेत."
"उठून बघते." हे वाक्य चार वेळा वाचलं. म्हणजे सगळं ठीक आहे. घाई नाही.
"दिवस थोडे" म्हणजे नाताळच्या सुट्टीचे असणार.
चिमटा बसवला. पुढची बाजू चार इंच उचलली गेली. बाळा म्हणाला, "भाऊसाहेब, ही रस्त्याकडे बगना नाय, आभाळाकडे बगता."

४ जानेवारी १९८८, सोमवार. दुपारी १
सत्यवानची तार. "बाबा सिरियस. ताबडतोब या."
सत्यवान घाबरट. गेल्या वर्षी म्हैस अडली तेव्हाही सिरियस म्हणाला होता, आणि ती अजून दूध देते.
अडीचची एस.टी. आहे. पिशवी भरली. स्टँडवर गेलो. गाडी आली. माणसं चढली. विमला काय म्हणेल हेच डोक्यात. साडेचार महिन्यांनी आलात, आणि तेसुद्धा हात हलवत.
मागच्या ब्रेकची नवी वायर उद्या सकाळी येते. सकाळी आठला निघालो तर दहाला तिथं. एस.टी.नं आज रात्र होणार, आजारी माणसाची झोपमोड.
गाडी गेली.

५ जानेवारी, मंगळवार
वायर आली नाही. दुसरी तार चार वाजता आली.
जयरामबाबा पहाटे गेले.
आता निघालो तरी अग्नीला पोचणार नाही. आणि गर्दीत विमलाला नीट भेटता येत नाही. बाराव्याला जाईन. सड्यावरूनच. त्यांना तसंच कळवलं होतं.

९ जानेवारी, शनिवार
बाळानं विचारलं, "भाऊसाहेब, एस.टी. आसा मा?" मी चेन काढून साफ केली. मग पुन्हा काढून साफ केली. बाळानं माझ्या हातातला पाना घेतला, बाजूला ठेवला आणि चहा मागवला. चहा प्यालो नाही. गरम होता.

१७ जानेवारी, रविवार
काल गेलो. सगळं लिहून ठेवतो.
सकाळी सातला निघालो. पहिला चढ उत्तम. बावीस दातांचं फ्रीव्हील अगदी योग्य. जाड टायरची पकडही छान. वर सड्यावर सुकलेलं गवत, मधे काळा दगड, वारा. माणूस नाही. वाटलं, विमलाला मागं कॅरिअरवर बसवून इथून आणायचं. कॅरिअर काढून टाकलाय हे नंतर आठवलं.
निम्म्या वाटेवर पुढचं चाक खड्ड्यात गेलं. चिमटा वेल्डिंगपाशी तुटला. कोपर आणि गुडघा फुटला. सायकल खांद्यावर घेतली. दर शंभर पावलांनी खाली ठेवायची. टाकून का गेलो नाही, माहीत नाही.
पोचलो तेव्हा साडेचार. पानं उठलेली, पाहुणे गेलेले. अंगणात सत्यवान पत्रावळी गोळा करत होता. त्यानं सायकलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विमलाला हाक मारली.
ती बाहेर आली. बारीक झालीय. गुडघ्याचं रक्त पाहून आत गेली, पाणी आणि फडकं घेऊन आली. खाली बसून स्वतः पुसलं. मला बरं वाटलं. मी चिमट्याचं सांगायला लागलो. तिनं ऐकून घेतलं, सगळं. मग म्हणाली, "तुमी कार्डार लिवलास, सड्यावरसून येतंय. बाबा रोज सांजचे वाटेर खुर्ची टाकून बसत. थंडयेत बसू नको म्हटला तरी आयकत नसत. म्हणत, जावई नवे आसत वाटेक, चुकतले."
मी म्हटलं, सोमवारी मी स्टँडवर गेलो होतो.
"मगे?"
मी पँटची माती झटकली.
मी म्हटलं, तुला राग आलाय. म्हणाली, "राग नाय. राग आसतो तर भांडूक तरी परत इलंय असतंय." इथल्या बालवाडीत तिला नोकरी मिळाली आहे. डिसेंबरपासून जाते. "मी हंयच रवतलंय," असं म्हणाली, आणि फडकं पिळलं.
दुःखात माणूस बोलतो असं. महिन्या-दीड महिन्यानं निवळेल, येईल परत. शेवटच्या एस.टी.नं परत आलो. गाडी कट्ट्याला बदलावी लागली. पंधरा मिनिटंसुद्धा थांबावं लागलं नाही.

७ फेब्रुवारी, रविवार
सकाळी टेम्पो आला. विमला आणि सत्यवान. पाहून इतका आनंद झाला की चप्पल न घालता बाहेर धावलो.
ती शिलाई मशीन न्यायला आली होती. आणि ट्रंक, आणि तिच्या आईनं दिलेली तांब्याची कळशी. मी म्हटलं, मशीन तिकडं कशाला, इथंच येऊन शिव. मशीन जड. एका बाजूला तो, एका बाजूला मी. आम्हीच टेम्पोत चढवलं.
मग ती म्हणाली, चहा टाकते, तुम्ही दमलात. स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला. पाच महिन्यांनी घरात तो आवाज. मी दारात उभा राहिलो. पाणी उकळलं, तिनं चहाची पूड टाकली, मग फळीवर इकडंतिकडं पाहिलं आणि मागं वळून विचारलं, "तुमी साखर खंय ठेवतास?"
मुंग्यांमुळं मी डबा वरच्या फळीवर ठेवला होता. काढून दिला.