बांधावर कोरलेलं वचन

फुलचूर, गोंदिया
रविवार, २४ सप्टेंबर २०२३

तीर्थरूप सुमित्राबाईस,
लीलाधरचा सप्रेम सलाम, वि.वि.

फोनवर तुझा आवाज तुटतो आणि तुटलेल्या आवाजावर मी भांडत बसतो, म्हणून बाबूजींच्या रीतीनं पत्र. इकडे सर्व ठीक. मोटर वाइंडिंगचं काम भरपूर आहे.

एक आनंदाची बातमी. आपल्या प्रार्थना मंडळीत ऑक्टोबरचे पहिले चार रविवार वचन सांगायचं काम माझ्याकडे आलं आहे. मंडळीचे प्रमुख दुर्गाप्रसादजी स्वतः दुकानात येऊन सांगून गेले. सातवी नापास माणसाला बी.ए., बी.एड. लोकांसमोर उभं करतात, म्हणजे काही पाहूनच ना. विषय मी निवडला : बायबलातल्या हिज्कीया राजानं यरुशलेम कसं राखलं, आणि त्यातून आत्म्याला काय शिकायचं. अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून आला तेव्हा हिज्कीयानं पहिलं काम कोणतं केलं? गावाबाहेरचे झरे बुजवले. शत्रूला आयतं पाणी कायले द्यायचं? मग पडका तट बांधला, वर बुरूज चढवले. खडकातून त्यानं बोगदा खोदला तो पाचशे तेहतीस मीटर. लोक अर्धा किलोमीटर सांगतात, ते चूक.

आता कामाचं. शुक्रवारी मी गावी येऊन गेलो. बोडीत साठलेलं पाणी माझ्या धानाच्या बांध्यांतून खाली जायची बांधातली वाट नऊ इंच रुंद होती. ती मी स्वतः ठेवली होती. चैतरामनं ती चौदा केली आहे. मी टेपनं दोनदा मोजलं. पाच इंच! त्याची बांधी खाली लागून आहे म्हणून मला न विचारता बांध खोदायचा? मी देवरीहून विटा-सिमेंट नेलं आणि वाट पक्की बुजवली. ओल्या सिमेंटवर खिळ्यानं त्याच अध्यायातला, २ इतिहास ३२:४ चा, प्रश्न पूर्ण कोरला : अश्शूरच्या राजांनी येऊन विपुल पाणी का मिळवावे? अक्षर चांगलं उमटलं आहे, जाऊन पाहा. परतीची बस होती म्हणून घरी येणं झालं नाही. तुला पाणी पूर्वेच्या नालीनं मिळतंच, त्यामुळे काळजी नसावी.

तुझ्या प्रार्थनेत मला जागा असू दे.
तुझा भाऊ
लीलाधर


२९ सप्टेंबर

चि. लीलाधरला सुमित्राबाईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. तू वचन सांगणार हे वाचून बाबूजींची आठवण आली. लहानपणी तू नांगरामागं ढेकळं मोजत चालायचा आणि एक जास्त निघालं का पहिल्यापासून मोजायचा. आता मंडळीचे लोक तुझ्या हाती सापडले, देव त्यांना धीर देवो.

पण भाऊ, गावात येऊन गेला आणि ओसरीवर पाय धुवायचा लोटाही घेतला नाही? लोकांनी सांगितलं तेव्हा मले माहीत झालं. शेजारीण म्हणे, तुमचा भाऊ बांधावर देऊळ बांधून गेला. मी म्हटलं, देऊळ नाही, अडसर आहे.

कारण असं आहे का तुझ्या बांधीतून पाणी चैतरामच्या बांधीत जाते, आणि त्याची भरली का माझ्या दोन्हीत उतरते. पाणी बांधीतून बांधीतच चालते, ते तू विसरून राहिला. बाबूजींनी मले त्या दोन बांध्या दिल्या तेव्हा हेच पाणी धरून दिल्या. आठ दिवस झाले, पाणी येऊन नाही राहिलं. पाऊसही नाही. धान पोटरीत आहे. आत्ताच पाणी लागते, मग देऊन काही उपयोग नाही. तेवढी वाट मोकळी कर, नऊ इंच तर नऊ इंच.

दुसऱ्या कोणाले फोडायला सांगितलं असतं. पण चैतराम पावडं घेऊन गेला आणि वचन वाचून परत आला. म्हणते, देवाचं लिहिलेलं मी नाही फोडत बाई, ज्यानं लिहिलं त्यालेच बोलव.

माया असू दे. लवकर कर.
सुमित्राबाई


फुलचूर
४ ऑक्टोबर

तीर्थरूप सुमित्राबाईस, सप्रेम सलाम, वि.वि.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. तुझा गैरसमज दूर व्हावा म्हणून नकाशा जोडत आहे. त्यात तुझ्या दोन्ही बांध्या, चैतरामची बांधी, माझ्या तीन, बोडी आणि पूर्वेची नाली मापासह दाखवली आहे. खाली लिहिलंच आहे, प्रत्यक्ष मोजून. बोडीपासून तुझ्या बांधीपर्यंत नालीला सव्वा फूट उतार पडतो, म्हणजे पाणी तुझ्याकडे जायलाच पाहिजे. जात नसेल तर नाली साफ करून घे.

पहिल्या रविवारी वचन चांगलं झालं. वेढ्याच्या वेळी अश्शूरचा सरदार रब्शाके तटाखाली उभा राहून, लोकांना समजेल अशा त्यांच्याच भाषेत गोड बोलत होता, का दार उघडा, तुमचं भलं होईल. लोक चूप राहिले, कारण राजाची आज्ञा होती, त्याला उत्तर देऊ नका. बाई, राग मानू नको, पण तुझ्या पत्रात मला चैतरामचं बोलणं ऐकू आलं. आपल्याच माणसाच्या तोंडून शत्रू बोलतो तेव्हा ओळखणं कठीण जाते. म्हणून या विषयावर मी आता चूप राहीन.

लोभ आहेच, तो राहावा.
लीलाधर


१४ ऑक्टोबर

चि. लीलाधरला आशीर्वाद.

तू चूप राहणार म्हणून वाट पाहिली. आता उत्तराची घाई नाही.

पूर्वेची नाली माझ्या सोनिकाच्या लग्नाच्या वर्षी रस्ता उंच केला तेव्हाच बुजली. अकरा वर्षं झाली. माझ्या पोरीच्या वरातीत तू त्याच रस्त्यानं नाचत गेला होता. ती नाली तू कधी मोजली?

वाट चैतरामनं चौदा इंच केली, ते मीच सांगितलं होतं. नऊ इंचातून माझ्या खालच्या बांधीपर्यंत पाणी पोचत नव्हतं. त्यानं मले विचारलं का भाऊले सांगून करू का. मी म्हटलं, माझा भाऊ आहे, त्याले विचारायचं काय. हे तुले पहिल्याच पत्रात लिहायला पाहिजे होतं. मले वाटलं, बहिणीनं पाणी मागितलं एवढं पुरे.

दोन्ही बांध्यांतल्या लोंब्या पांढऱ्या निघाल्या. दाबून पाहिल्या, आत काही नाही. काल कापून बैलांपुढं टाकल्या. वर्षाचे तांदूळ गेले. कोणाले काही मागत नाही, सोनिका पाठवणार आहे.

तुझ्यासारखं माझं वाचन नाही. पण बाबूजी ती गोष्ट वाचत तेव्हा मी चुलीजवळ बसून ऐकत होते. राजानं बाहेरचे झरे बुजवले, आणि तेच पाणी जमिनीखालून गावात नेलं, आतल्या माणसांसाठी. बाबूजी दोन्ही वाचत. चौथ्या वचनावर थांबत नव्हते. तिसावं वाचून पाहा.

मले एवढंच सांग का तुझ्या तटाच्या मी आत का बाहेर? नकाशात माझ्या बांध्या दिसल्या, मी दिसली नाही.

सुमित्राबाई


फुलचूर
रविवार, २२ ऑक्टोबर

तीर्थरूप बाई,

सलाम लिहायला हात उठत नाही.

तुझं पत्र मंगळवारी आलं. तिसावं वचन उघडलं. चौथ्यापासून तिसाव्यापर्यंत सव्वीस वचनं आहेत. ती मी वीस वर्षं वाचून राहिलो, आणि बोगदा किती मीटर ते पाठ केलं. पाणी कोणासाठी, ते नाही. मध्ये पंचविसावंही आहे, राजाचं हृदय उन्मत्त झालं म्हणून. ते मी चार रविवारांच्या टिपणांत घेतलंच नव्हतं. विषयात बसत नाही असं ठरवलं होतं.

गुरुवारी गावी आलो. आधी रस्त्यावर नाली शोधली. जिथं मी सव्वा फूट उतार दाखवला तिथं डांबर आहे. मग तुझ्या बांध्या पाहिल्या. धसकटं आणि भेगा. एका भेगेत माझी चार बोटं गेली. टेप खिशात होता, काढला नाही.

आता जे कोणाला सांगितलं नाही ते लिहितो. नकाशाखाली मी प्रत्यक्ष मोजून असं लिहिलं, ते खोटं आहे. दुकानात बसून आठवणीनं काढला. नालीची रेघ ओढताना हात थांबलाही होता, का इथं रस्ता उंच झाला ना? पण गावी येऊन पाहावं लागलं असतं, आणि पाहिलं तर तू खरी निघाली असती. म्हणून रेघ पुरी केली. दुसऱ्याच्या पाच इंचासाठी मी दोनदा टेप लावला, आणि बहिणीच्या पाण्यासाठी एकदाही नाही. वर तुला शत्रूचा निरोप्या म्हटलं.

छन्नी-हातोडीनं फोडायला लागलो. पक्कं बांधलं होतं, फुटेना. चैतराम आपल्या बांधीतून पाहत होता. त्याच्याकडे लोखंडी सब्बल मागावी लागली. त्यानं दिली आणि विचारलं, का भाऊ, देवाची परवानगी काढली का? मी मान खाली घालून हो म्हटलं. मग तोही हात लावायला आला. वाट चौदा इंच मोकळी केली. त्याची माफी मागितली, तर म्हणे, माझ्याजवळ कायले मागता, धान माझं नाही गेलं. त्याची बांधी त्यानं घागरींनी वाचवली, आणि चार घागरी तुझ्याकडेही टाकल्या, हे मला तेव्हा समजलं. तू लिहिलं नव्हतं.

तिथून तुझं घर दोनशे पावलं. मी चौकापर्यंत आलो. ओसरीवर तू सूप घेऊन बसली होती. तिथूनच वळलो. बस धरली.

आज माझा चौथा, शेवटचा रविवार होता. ठरवलं होतं, सर्व सांगायचं. उभा राहिलो आणि तोंडातून निघालं, एक माणूस होता, त्यानं बहिणीचं पाणी अडवलं. सगळं सांगितलं, वचन कोरल्याचंही. फक्त तो माणूस मी, एवढं नाही सांगितलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुर्गाप्रसादजींनी हात धरून म्हटलं, उदाहरण फार नेमकं दिलं. बाई, मी धन्यवाद म्हटलं.

पुढच्या रविवारी पुन्हा उभा राहून नाव सांगेन. पण पहिल्यांदा ते इथं लिहितो : तो माणूस लीलाधर, वल्द बकाराम. तू आत होती. तट मीच चुकीच्या जागी बांधला, आणि बाहेर राहिलो तो मी. घराचे तांदूळ सोनिकानं नाही, मी आणायचे आहेत. घेशील का, ते कळव. माया मागायचं तोंड नाही, म्हणून ती ओळ लिहीत नाही.

लीलाधर


२७ ऑक्टोबर

चि. लीलाधरला अनेक आशीर्वाद. ती ओळ तू नाही लिहिली, तर मी लिहिते : माया आहे.

रागही आहे. तो एका पत्रानं नाही जात, वर्षभर भात खाताना येईल. तांदूळ आण, घेते. मंडळीत नाव सांगशील तेव्हा माझंही सांग, उगाच एक बहीण नको करू.

गुरुवारी चौकात उभा होता, ते मी पाहिलं. मले वाटलं, येशील. सूप ठेवून आत गेली आणि लोटा भरून आणला, तोवर तू बसमध्ये. ते पाणी तुळशीच्या शेजारच्या मिरचीले टाकलं.

पाणी आता खालच्या बांधीपर्यंत येऊन राहिलं. धानाले उपयोग नाही, पण ओल चांगली आहे, डाळीपुरती लाखोरी टाकली. वचनाचा एक तुकडा चैतरामनं आणून दिला. त्यावर विपुल पाणी एवढंच उरलं आहे. ओसरीच्या पायरीजवळ ठेवला, पाय धुताना उभं राहायले बरा पडते.

लोटा त्याच्याच बाजूला आहे. येशील तेव्हा मुक्कामानं ये.

सुमित्राबाई