मुक्या लाल गिटारची तपासणी

सोमवार, ३ जून

आली! खरंच आली! पेटी उघडली आणि मी आमच्या जुन्या वाद्यांच्या दुकानात सगळ्यांदेखत किंचाळले. मालकांनी डोळे वटारले. वटारू देत! बासष्ट सालची, लाल, मूळ पेटीसकट — अशी इलेक्ट्रिक गिटार आजवर फक्त फोटोत पाहिली होती.

विकायला आलेले काका सत्तरीचे, निवृत्त कारकून. तरुणपणी बँडमध्ये वाजवायचे. चाळीस वर्षांपूर्वी ही एकाएकी मुकी झाली, बँड त्यांच्याशिवाय दौऱ्यावर गेला आणि काकांनी नोकरी धरली. सांगताना हसत होते. सोबत काकू. रेडिओच्या कारखान्यात जन्मभर जोडणीचं काम केलेल्या, त्यामुळे माझी हत्यारं नजरेनंच तपासून झाली. आतून उघडणार का, असं दोनदा विचारलं.

गिऱ्हाईक शनिवारी येणार. अट एकच — आतल्या वायरी जोडणाऱ्या सोल्डरला कुणाचा हात लागलेला नसावा. सगळी मदार माझ्या अहवालावर.

मंगळवार, ४ जून

गिटारची मान सुटी केली. टोकाला पेन्सिलनं लिहिलेली तारीख! रंग मूळचा, बटणं मूळची. मानेवरच्या धातूच्या पट्ट्या, फ्रेट, झिजलेत ते तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत — काका तिथेच रमायचे म्हणे. भिंगातून इंच न् इंच पाहिला, जेवायचं राहून गेलं. नवरा म्हणतो, मला पसंत करताना एवढी चौकशी केली नव्हतीस. केली असती तर तू आज इथे नसतास, म्हटलं.

बुधवार, ५ जून

आज झाकण काढलं. सोल्डरचा प्रत्येक डाग कारखान्यातला, जुना, मळकट, न हललेला. नाचायचंच बाकी राहिलं!

फक्त एक वायर मोकळी. तुटलेली नाही — कापलेली. सफाईनं, आणि टोक बाजूला नीट वळवून ठेवलेलं. ज्यानं कापली त्याला बरोबर ठाऊक होतं कुठे कापायचं ते. गिऱ्हाइकाच्या अटीमुळे सोल्डर लावायची सोय नाही, म्हणून नुसत्या चिमट्यानं दोन्ही टोकं जोडली, अ‍ॅम्प लावला, एक तार छेडली — बाई गं! अंगावर काटा आला. मालक हातातला चहा विसरले.

भरात काकांच्या घरी फोन केला. काकूंनी उचलला. वाजली, वायर कोणीतरी कापली होती, असं एका दमात सांगून टाकलं. उद्या दुकानात येते, एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

गुरुवार, ६ जून

काकू एकट्या आल्या. पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या.

"मीच कापली," म्हणाल्या. "मुलगी चार महिन्यांची, आणि हे वर्षभर दौऱ्यावर निघालेले. मुकी झाली म्हणून माझ्याकडेच तपासायला दिली. मी सांगितलं, आतून गेली, आता काही होणार नाही."

काकांना ते नशीब वाटतं, अजूनही. अहवालात नुसतं 'जुना बिघाड' लिही, एवढंच मागत होत्या. मी म्हटलं, खाली माझी सही असते काकू. उठून गेल्या, रागावल्यासुद्धा नाहीत.

मला मात्र राग आला. एका माणसाचं सगळं वाजवणं गेलं! मग चार महिन्यांचं मूल घेऊन वर्षभर एकटीनं राहायचं म्हणजे काय ते आठवलं, आणि रागही धड करता येईना. मी गप्प बसले असते तर! माझी जीभ म्हणजे ना.

शुक्रवार, ७ जून

लिहिलं. 'डाग सर्व मूळचे. एक वायर कटरनं कापलेली.' विक्रीआधी काकांनी वाचून सही करायची असते.

शनिवार, ८ जून

काका एकटेच आले. सावकाश वाचलं, त्या ओळीवर बोट ठेवलं.

"गिऱ्हाइकाच्या प्रतीत ही ओळ राहू द्या. आमच्या घरी जाणाऱ्या प्रतीत नको. गिटार मुकी झाली त्याच आठवड्यात मी झाकण उघडून पाहिलं होतं. मला ठाऊक आहे, हे हिला कळू देऊ नका."

मग खिशातून पेन काढून सही केली.