होडीतली लाल पट्टी

बदलापूर,
ता. १२ मार्च १९५३

तीर्थरूप मामांच्या चरणी जावई महिपतीचा शिरसाष्टांग नमस्कार. आपल्या डोळ्यांतला मोतीबिंदू पिकला की अजून कच्चाच आहे? मामींचा दमा कसा आहे? अंजनीला आठवा लागला, तिला फार वाकू देऊ नका. इकडे मी खुशाल आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे चार दिवस भीतीने झोप नाही आणि डाव्या पायाचा अंगठा टम्म सुजलाय (कशाने, ते आत्ता विचारू नये).

आपण जन्मभर विजयदुर्गाला गलबतं बांधलीत, म्हणून हे प्रकरण आपल्यालाच सांगतो. उल्हासनगरचा लष्करी तळ उठला तेव्हा टोपणदास शेठने लिलावात शिडाची एक विलायती होडी घेतली. ती त्याच्या बराकीसमोर विटांवर उभी असते (शेजारणी तिच्या डोलकाठीला दोरी बांधून कपडे वाळत घालतात). कराचीत त्याची अशीच होडी होती, ती घरादारासकट तिकडेच राहिली. रोज संध्याकाळी तो हिच्या आतल्या खोलीत जाऊन बसतो. त्या खोलीत छताखालून लालसर लाकडाची गोलाईदार पट्टी फिरली आहे, तिचा हातभर तुकडा कुजला होता. तेवढा मी बदलायचा, दुपारभराचं काम. पण मी पटाशी लावली मात्र, कुजक्यामागोमाग दोन हात चांगली पट्टी उभी चिरून माझ्या मांडीवर पडली. शेठ ओरडला असता तर बरं झालं असतं. तो पट्टीकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "साईं, यही लकडी लगाना. दूसरी होगी तो मेरा हाथ पहचानेगा."

आता लाकूड कोणतं? साग म्हणावं तर सागाचा वास नाही. शिसव म्हणावं तर काळं नाही आणि वजनही नाही. रंधून पाहिलं, उन्हात धरलं, जिभेवर ठेवलं (तुरट). अंबरनाथच्या वखारवाल्याने खैर सांगितला, त्याच्या भावाने फणस, आणि दोघांची तिथेच जुंपली. शेवटी ते लाकूड माझ्या घरातच निघालं. तोच रंग, त्याच बारीक रेघा. मी पट्टी घडवली, बसवली, पॉलिश केलं. शेठने डोळे मिटून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला, आणि हात जोडावर अडला नाही. मग तो रडला. मला वाटलं, संपलं आता! पण त्याने मला पोटभर जेवू घातलं.

काम झालं, मग भीती कसली, असं आपण म्हणाल. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
महिपती

ता.क. फुटलेल्या विलायती जहाजाच्या ज्या फळ्यांचा आपण अंजनीसाठी पाळणा करून आगबोटीने पाठवलात, त्यातल्या काही उरल्या आहेत का? दोन बाजूंपुरत्या पुष्कळ झाल्या. बारशाच्या आत हव्यात.

ता.क. दुसरा. होय, पाळणाच. टांगलेला होता तसाच कापला. रिकामा पाळणा हलवू नये हे मला कळतं. पण करवत ओढली की तो हलायचा, आणि दर झोक्याला माझ्या मनात नको नको ते यायचं. दोनदा करवत खाली ठेवली. मग बारशाला घालतात तसा वरवंटा अंजनीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून आत निजवला, तेव्हा कुठे हात चालला. बाजू सुटली तशी स्वारी थेट माझ्या अंगठ्यावर उतरली.

ता.क. तिसरा. आपल्याला दिसत नाही आणि आपली पत्रं अंजनीच वाचून दाखवते, हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक आहे. तिला सरळ लिहायची छाती झाली नाही. अंजने, आधी खाली बस. मामांना हवं तर नमस्कारापर्यंतच वाच. मला मात्र उलट टपाली दोन ओळी पाठव, तू आणि पोटातलं बरं आहात एवढ्याच. वर शिव्या घातल्यास तरी चालतील. पाळणा रिकामा नव्हता गं.