सफारीची रजा मागील वर्षात धरण्याबाबत

प्रति,
मा. आस्थापना अधिकारी,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय: आफ्रिकेतील वन्यप्राणी सफारीसाठी मंजूर झालेली दहा दिवसांची रजा पूर्वलक्षी प्रभावाने मागील जूनमध्ये धरण्याबाबत.

संदर्भ: १) आपला रजा मंजुरीचा आदेश, दि. २४ फेब्रुवारी. २) माझे यापूर्वीचे सात वर्षांचे सात अर्ज, सर्व माझ्याच टेबलावर पडून.

महोदय,

उपरोक्त आदेशान्वये मला येत्या ९ ते १८ जून या कालावधीची रजा मंजूर झाली आहे. माझा जुना अर्ज आपण स्वतः माझ्या टेबलावरून उचलून त्यावर सही केलीत, याबद्दल मी ऋणी आहे. तथापि ही रजा यंदा माझ्या उपयोगाची नाही.

१. रजा शाखेत मी एकोणीस वर्षे आहे. रजा मागणाऱ्यांत माझा नंबर शेवटचा, हा नियम माझा मीच घालून घेतला. नियमपुस्तकात तो कुठेही नाही. वाढणाऱ्याने आधी आपले ताट भरू नये, एवढेच माझे म्हणणे होते.

२. सफारीची सगळी आखणी माझ्या पत्नीची. ती शिवणकाम करत असे. भडक रंगाला जनावरे बुजतात असे कुठेसे वाचून तिने दोघांना मातकट रंगाचे सदरे शिवले. सराव हवा म्हणून पहाटे पावणेपाचला उठवून ती मला बाल्कनीत तासभर हूं की चूं न करता बसवी. मी खोकलो की म्हणे, "गेला बघा सिंह तुमच्या खोकल्यानं!" जिराफ, गेंडा, हत्ती अशी यादी फ्रिजवर लावलेली होती. गाडीत खिडकी तिची, हे तर पहिल्याच वर्षी ठरले होते.

३. मागील वर्षी ९ ते १८ जूनसाठी, एका वेळी तिघांनाच रजा या मर्यादेत, एकच जागा उरली होती. घरी बॅग भरून तयार होती. अर्ज निकाली काढायच्या दिवशी दुपारी भांडारपाल "घराला रंग देणे" या कारणाचा अर्ज घेऊन आले आणि मी तो माझ्या अर्जाच्या वर ठेवला. "अहो, या खेपेला तरी आधी तुमचा घ्या," असे आपण म्हणालात, तेही मी ऐकले नाही. घरी जाऊन सांगितले, पुढच्या वर्षी नक्की. बॅगेतले कपडे कपाटात लावता लावता ती म्हणाली, "असू दे. जिराफ काय, उंचच असतात. पुढच्या वर्षीही दिसतील."

ऑगस्टमध्ये तिचा आजार कळला. ११ सप्टेंबरला ती गेली.

भांडारपालांचे घर मी परवा पाहून आलो. रंग चांगला बसला आहे. त्यांचा यात काडीचाही दोष नाही.

४. सबब विनंती अशी की, बढती व वेतनवाढ मागील तारखेपासून देता येते. असे आदेश मी स्वतः टाइप केले आहेत. त्याच धर्तीवर मागील ९ ते १८ जून मी रजेवर होतो, असे धरण्यात यावे. हजेरीपटावर त्या दिवसांच्या माझ्या सह्या आहेत, त्या खोडाव्यात. त्या दहा दिवसांत मी त्रेचाळीस अर्ज निकाली काढले. ते सर्व पुन्हा तपासले. एकही तातडीचा नव्हता.

५. हे नियमात बसत नाही, याची मला पूर्ण कल्पना आहे. असा अर्ज माझ्याकडे आला असता तर मीच शेरा मारून परत केला असता. तरी नामंजुरीचे कारण कृपया लेखी द्यावे. आजवर मी लेखी कारणाशिवाय कोणाचीही रजा अडवली नाही. फक्त तिला तोंडी सांगत राहिलो, आणि तिने एकदाही कारण विचारले नाही.

आपल्या शेऱ्याच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,
(सही)
ज्येष्ठ लिपिक, रजा शाखा
दि. ७ मार्च

सोबत:
१) मागील वर्षीचा मूळ अर्ज.
२) मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
३) प्रवासासाठी पत्नीने आधीच घेऊन ठेवलेल्या पिवळ्या तापाच्या लशीचे कार्ड. मुदत: आजीवन. (मूळ प्रत आहे, कृपया परत मिळावी.)