आधीचाच आकडा

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

झुंबरच्या डोळ्यांवर पट्टी आहे. श्वास घेताना छातीत शिट्टी वाजते म्हणे. ओझरजवळच्या त्या शीतगृहात आज सकाळी थंडाव्यासाठी वापरतात तो अमोनिया वायू गळला. झुंबर तिथला हमाल, द्राक्षांचे क्रेट लावायला आत गेलेला. सायरन वाजलाच नाही! तो आमच्या प्रोग्रामने वाजवायचा होता.

आमच्या कंपनीचे शेखर सर तिथून परत आले ते निर्धास्त. "स्क्रीनसमोर वत्सलाबाई म्हणून बसतात, त्यांचं लक्ष नव्हतं. आपलं सॉफ्टवेअर चोख आहे." ऑफिसात सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही.

बुधवार, १२

चोख नाही. आज कोड उघडून पाहिला.

हवेतला अमोनिया मोजणाऱ्या सेन्सरकडून उत्तर आलं नाही तर एरर यायला हवी, सायरन वाजायला हवा. तिथे मी काय लिहिलंय? एरर पकडायची आणि गिळून टाकायची. स्क्रीनवर आधीचाच आकडा राहू द्यायचा. म्हणजे सेन्सर पहाटेच बंद पडला आणि स्क्रीन सकाळभर हिरवीगार! शेजारी माझीच टीप — 'नंतर बघू'. गेल्या ऑगस्टमधली.

डेमोच्या आदल्या दिवशी स्क्रीन सारखी लाल होत होती. सर एवढंच म्हणाले होते, "हर्षाली, गिऱ्हाइकासमोर लाल काही दिसायला नको." असं कर म्हणाले नव्हते. ते डोकं माझं. वर शाबासकीही घेतली.

गुरुवार, १३

वत्सलाबाईंना कामावरून काढलं. मी गप्प.

शुक्रवार, १४

दिवसभर नवी आखणी केली. काय काय बिघडू शकतं ते सगळं कागदावर काढलं. कुठली चूक प्रोग्रामने स्वतः निस्तरायची, कुठली माणसाला सांगायची, कुठल्या चुकीला सगळं थांबवायचं. नेट गेलं तर पुन्हा प्रयत्न. सेन्सर गप्प झाला तर आकडा पुसायचा, मोठ्या अक्षरात 'माहीत नाही' लिहायचं आणि तीस सेकंदांत सायरन.

दीपक शेजारी बसतो. वाचून म्हणाला, "हे आधीपासूनच असायला हवं होतं ना?"

मी म्हटलं, "सुधारणा चालूच असतात."

किती सहज आलं तोंडातून! डबा तसाच परत आणला. आईला सांगितलं, ऑफिसात पार्टी होती. तेही खोटंच.

शनिवार, १५

सांगून टाकलं. आधी शीतगृहाच्या मालकांना मेल पाठवला — कोडच्या त्या ओळी, तारीख, माझं नाव. मग सरांच्या केबिनमध्ये गेले. उलट क्रमाने गेले असते तर सरांनी समजूत घातली असती आणि मी ती घालून घेतली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

सर म्हणाले, "निदान मला विचारायचं तरी."

सोमवार, १७

वत्सलाबाईंना परत घेतलं. झुंबरची पट्टी निघाली. एका डोळ्याला अजून धुरकट दिसतं. दीपक आज माझ्याशी बोलला नाही.

मंगळवार, १८

वत्सलाबाईंच्या घरी माफी मागायला गेले. मी बोलायला लागले आणि त्या टक लावून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, आवाज वळखला तुमचा. त्या दिशी सकाळी मीच फोन केला व्हता तुमच्या ऑफिसात — आकडा हलत नाय म्हणून. तुम्ही म्हणल्या, बंद करून चालू करा."

मला तो फोन आठवतसुद्धा नाही.